दयेला हिशेब कशाला?

एक प्रश्न आपल्या मंडळ्यांत वारंवार ऐकू येतो, आणि तो विचारणारे लोक वाईट मनाचे नसतात. ते म्हणतात, "जो मनुष्य निराधारांस आपल्या छपराखाली घेतो, त्यांस भाकरी देतो, त्यांची घाण काढतो, त्याजपाशी हिशेब मागणे हा कृतघ्नपणा नव्हे काय? दुकानदारापाशी हिशेब मागावा, सावकारापाशी मागावा. दयेपाशी हिशेब कशाला?" वृद्धाश्रमाची गोष्ट निघाली म्हणजे हा प्रश्न निघतो, अनाथालयाची, मुलामुलींच्या बोर्डिंगाची, मनोरुग्णांच्या आश्रयगृहाची गोष्ट निघाली म्हणजेही तो निघतो. प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या उत्तरावर दुर्बळ माणसांचे जीव अवलंबून आहेत. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. येथे हिशेब म्हणजे केवळ पैशाअडक्याची जमाखर्चाची वही नव्हे. रात्री किती माणसे निजली व सकाळी किती उठली, कोणते औषध कोणास व कोणी दिले, कोण पडला व कशाने पडला, कोणते दार कोणी व कोणत्या वेळी बंद केले, ह्या सर्वांचा जाब देणे म्हणजे हिशेब देणे होय.

ही गोष्ट आपल्यापासून दूर आहे असेही कोणी समजू नये. आपल्या गावांची स्थिती पाहा. थोरला मुलगा पुण्याच्या कारखान्यात, धाकटा मुंबईस, लेकी आपापल्या सासरी, आणि गावच्या घरात म्हातारी एकटी. दृष्टी गेलेली, गुडघे धरलेले. शेवटी सर्वजण एकत्र बसून ठरवितात की तिला एखाद्या आश्रमात ठेवावे. आईबापांस सांभाळण्याचे कर्तव्य २००७ सालच्या कायद्याने मुलांवर घातलेलेच आहे. परंतु त्याच कायद्यात निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० जणांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा अशीही तरतूद आहे. ह्यावरून परक्या हातांनी आपल्या माणसांस सांभाळावे ही गोष्ट आता अपवादाची राहिली नाही, हे कायदा करणाऱ्यांनीही ओळखले होते असे दिसते.

आता असा विचार करा की त्या म्हातारीने आश्रमाचा उंबरठा ओलांडला म्हणजे ती काय काय मागे ठेवते. घरी तिला रात्री तहान लागली तर ती चाचपडत का होईना माठापर्यंत जात असे. भाकरी करपली तर सुनेला चार शब्द सुनावीत असे. दाराची कडी तिच्या हाताची होती. आश्रमात पाणी दुसऱ्याच्या हाती, दिवा दुसऱ्याच्या हाती, औषध दुसऱ्याच्या हाती, कडी दुसऱ्याच्या हाती. एवढेच नव्हे, तर तक्रार करण्याचे धैर्यही हळूहळू जाते. कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच हातून रात्रीची भाकरी यावयाची असते. लहान मुलाची स्थिती तशीच, आणि ज्याचे मन ठिकाणावर नाही त्याची तर त्याहून कठीण, कारण त्याने खरे सांगितले तरी ते भ्रमाचे बोलणे म्हणून सोडून दिले जाते. बाजारात गिऱ्हाईक स्वतःच हिशेब मागते. येथे ज्याला मागण्याचा अधिकार आहे त्याला मागण्याची शक्ती नाही. ह्यास्तव त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी तो मागितलाच पाहिजे. हे पहिले कारण झाले.

दुसरे कारण अधिक खोल आहे, व ते दोन खऱ्या घटनांवरून अधिक स्पष्ट होईल.

तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचे गाव आहे. तेथील दर्ग्यास मनोरुग्णांस घेऊन जाण्याची चाल फार जुनी. निरनिराळ्या धर्मांचे लोक आपल्या घरचा रोगी बरा व्हावा ह्या आशेने तेथे जात. पुढे दर्ग्याच्या आसपास खाजगी आश्रयगृहे निघाली. घरच्यांनी आपला मनुष्य तेथे ठेवावा, खर्चाचे पैसे द्यावेत व गावी परतावे, असा क्रम पडला. आश्रयगृहे चालविणाऱ्यांपुढे अडचण होती की रोगी उठून कोठेही जातात व पाहणारी माणसे थोडी. त्यांनी तोडगा काढला तो साखळीचा. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशा एका आश्रयगृहाच्या शाकारलेल्या छपरास आग लागली. जे मोकळे होते ते बाहेर पळाले. जे जखडलेले होते त्यांस पळता आले नाही. एकंदर २८ माणसे मरण पावली.

मनोरुग्णांस ठेवून घेणाऱ्या संस्थेने परवाना काढलाच पाहिजे असा कायदा १९८७ साली झालेला होता. म्हणजे नियम नव्हता असे नाही; नियम कागदावर होता, परंतु दार ठोठावून आत काय चालले आहे हे पाहणारे कोणी नव्हते. आग लागून गेल्यावर आठवड्याभरात एरवाडीतील तसली सर्व आश्रयगृहे बंद करण्यात आली व पाचशेहून अधिक रोग्यांस सरकारने आपल्या ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातील बातमीवरून आपण होऊन ह्या गोष्टीची दखल घेतली आणि २००२ साली प्रत्येक राज्याने अशा संस्थांची जिल्हावार पाहणी करावी असा हुकूम केला. जी पाहणी २८ जीव वाचवू शकली असती ती २८ जीव गेल्यावर सुरू झाली.

हे वाचून कोणी असे म्हणू नये की ही इतरांची गोष्ट आहे, आपल्या ख्रिस्ती संस्थांत असे घडत नाही. दुसरी घटना ख्रिस्ती संस्थांचीच आहे.

कॅनडा देशात तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सरकारने वसतिशाळा चालविल्या आणि त्यांचा कारभार रोमन कॅथलिक तसाच प्रॉटेस्टंट मंडळ्यांकडे सोपविला. मुलांस आईबापांपासून दूर नेण्यात येई, पुष्कळदा त्यांच्या इच्छेविरुद्ध. १९०७ साली त्या खात्याचे वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस ह्यांनी पश्चिमेकडील ३५ शाळांची पाहणी केली. त्यांस असे आढळले की निजावयाच्या खोल्यांत हवा खेळण्याची सोय जवळजवळ कोठेच नाही. थंडी कडाक्याची, जळण वाचावे व ऊब राहावी म्हणून हिवाळाभर खिडक्या पक्क्या बंद ठेवीत. क्षयाची बाधा झालेली मुले व निरोगी मुले एकाच कोंडलेल्या हवेत निजत. १५ शाळांनी माहिती पाठविली. तिच्यात नोंदलेल्या १,५३७ मुलांपैकी जवळजवळ एकचतुर्थांश मुले मेलेली होती. ज्या एका शाळेची माहिती अगदी बिनचूक होती, तिच्यातून बाहेर पडलेल्या मुलांपैकी शंभरांत ६९ मरण पावली होती. डॉ. ब्राइस ह्यांनी उपाय सुचविले. ते अमलात आले नाहीत. शेवटी सेवानिवृत्त झाल्यावर १९२२ साली त्यांनी स्वतःच एक पुस्तिका छापून ही गोष्ट लोकांपुढे मांडली. त्यानंतरही त्या शाळा कित्येक दशके चालू राहिल्या. २०१५ साली तेथील सत्यशोधन आयोगाने आपला अहवाल दिला, त्यात त्या शाळांत मेलेल्या तीन हजारांहून अधिक मुलांची नोंद आहे. अँग्लिकन मंडळीने १९९३ साली, प्रेस्बिटेरियन मंडळीने १९९४ साली व युनायटेड चर्चने १९९८ साली ह्या शाळांबद्दल क्षमा मागितली.

मुलांस आईच्या कुशीतून तोडून नेणे हाच त्या शाळांचा मूळचा अन्याय होता, आणि तो खिडकी उघडल्याने धुऊन निघाला नसता. परंतु ज्यांस तो अन्याय दिसत नव्हता त्यांनाही खिडकी तर दिसत होती. डॉक्टरांनी बोट दाखविल्यावरही ती बंद राहिली.

साखळी आणि खिडकी ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. दोहोंचा आरंभ रक्षणाच्या नावाने झाला. रोगी हरवू नये, विहिरीत पडू नये, म्हणून साखळी. मुलांस थंडी लागू नये म्हणून बंद खिडकी. परंतु त्या तशाच का राहिल्या? साखळी काढावयाची तर रात्रंदिवस जागणारी माणसे ठेवावी लागतात, आणि त्यांस पगार द्यावा लागतो. खिडकी उघडावयाची तर कोळसा अधिक जाळावा लागतो. जे रक्षण म्हणून सुरू झाले ते काटकसर म्हणून, सोय म्हणून टिकले. आणि सोय झाल्यावरही त्याचे नाव रक्षण हेच राहिले. येथे कोणी एके दिवशी उठून दुष्टपणा करण्याचे ठरविले असे दिसत नाही. दयेचे रूपांतर सांभाळणाऱ्याच्या सोयीत झाले, आणि ते इतके हळू झाले की आत राहणाऱ्यास ते बोलता येईना व चालविणाऱ्यास ते दिसेना. बाहेरचा मनुष्य येऊन विचारीपर्यंत ते दिसत नाही. दयेपाशी हिशेब का मागावा, ह्याचे हे दुसरे आणि मुख्य कारण होय.

मग सोय कोणती व रक्षण कोणते हे ओळखावे कसे? एक कसोटी अशी आहे. आश्रयगृहातील प्रत्येक कुलुपापुढे, प्रत्येक नियमापुढे उभे राहून विचारावे, "हे कोणाच्या सुरक्षिततेसाठी आहे? चालक आज रात्री स्वतः ह्याच खाटेवर निजणार असता, तर त्याने हे दार बाहेरून लावू दिले असते काय?" जो नियम चालक स्वतःच्या आईसाठी सहन करील तो बहुधा रक्षणाचा असतो. जो तो सहन करणार नाही तो सोयीचा होय.

आपल्या देशाच्या कायद्याने ही कसोटी एका ठिकाणी मोठ्या शहाणपणाने लावली आहे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. रोग्याच्या हातून त्याला किंवा दुसऱ्यास तत्काळ इजा होण्याची भीती असून दुसरा काहीच इलाज नसेल, तरच त्याला थोडा वेळ आवरून धरता येते. तेही मानसोपचार करणाऱ्या वैद्याच्या परवानगीने, कारण लिहून ठेवून, आणि जरुरीपेक्षा एक क्षणही अधिक नाही. शिक्षा म्हणून तसे करता येत नाही. पुढे त्या कायद्यात असेही सांगितले आहे की केवळ नोकरमाणसे अपुरी आहेत ह्या सबबीवर कोणासही जखडून ठेवता येणार नाही. ह्या एका अटीत सर्व मर्म आहे. माणसे कमी आहेत ही अडचण चालकाची आहे, आणि तिचा दंड रोग्याच्या पायांनी भरावयाचा नाही.

ह्यावर तीन आक्षेप येतात. ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांस प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप विश्वासाचा. "आमचे चालक देवभीरू आहेत, त्यांची तपासणी करणे म्हणजे त्यांचा अपमान." परंतु चालक कितीही चांगला असला तरी तो चोवीस तास जागा राहू शकत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात ह्या मुद्द्यावर एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे. त्यांच्या म्हणण्याचे सार असे की तुम्ही हजर असता जे नीट होते ते तुम्ही हजर नसताही नीट होईल अशी व्यवस्था जर नसेल, तर तुमची सारी शुश्रूषा फुकट जाण्याचा संभव आहे. चांगला मनुष्य रात्री घरी जातो. त्याच्यामागे वहीतली नोंद राहते, जागणाऱ्याची पाळी राहते, भिंतीवर टांगलेली किल्ली राहते. नियम म्हणजे चांगल्या माणसावरचा संशय नव्हे. तो त्याच्या गैरहजेरीत त्याचा हात होऊन काम करतो.

आणि जे खरोखर मोठे होते त्यांनी हिशेबास कधी अपमान मानले नाही. पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. त्यांच्या कामास साहाय्य करण्यासाठी १८८७ साली अमेरिकेत बोस्टन येथे जे मंडळ स्थापन झाले, त्याची वार्षिक इतिवृत्ते छापून प्रसिद्ध होत. देणगी देणारा कोणीही मनुष्य ती वाचू शके. आणि १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर असता सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांची जी व्यवस्था होती तिच्याविरुद्ध ह्याच रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात उघडपणे लिहिले. अधिकाऱ्यांस ते रुचले नाही. तथापि ज्या मुली त्यांच्या पदरी होत्या त्या दुसऱ्याच्या छपराखाली गेल्या असताही आपली जबाबदारी संपली असे त्यांनी मानले नाही. सरकारपाशी असा जाब मागण्याचा अधिकार त्यांस होता, कारण त्यांच्या स्वतःच्या कामाचा हिशेब लोकांपुढे उघडा होता.

दुसरा आक्षेप गरिबीचा. "आम्ही भाकरीची तोंडमिळवणी करताना थकतो, हे शहरी नियम आम्हांस कोठून परवडणार? आणि आम्ही दार बंद केले तर ही माणसे रस्त्यावर जातील. काहीच नसण्यापेक्षा हे बरे नव्हे काय?" ह्या बोलण्यात दुःख आहे, म्हणून ते झिडकारू नये. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली ही की जीव वाचविणाऱ्या पुष्कळ गोष्टींस फार पैसा लागत नाही. निजण्याच्या खोलीची बाहेरची कडी काढून टाकणे, मोरीच्या भिंतीला धरावयास आडवा बांबू ठोकणे, फरशी कोरडी ठेवणे, शौचास जाण्याच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवणे, चुलीजवळ वाळूच्या बादल्या ठेवणे, आग लागल्यास कोणी कोणास धरून कोणत्या दाराने न्यावयाचे ह्याची महिन्यातून एकदा तालीम करणे, ह्यांस खर्च तो किती? अपघाताने होणाऱ्या मृत्यूंत जगभर रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडून मरणाऱ्यांचा क्रमांक लागतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि म्हातारी माणसे पुष्कळदा मोरीत व अंधारात पडतात. जो अंथरुणाला खिळला आहे त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळविले नाही तर त्याच्या पाठीस व टाचांस क्षते पडतात, ती चिघळतात व त्यांनीच तो मरूही शकतो. वळविण्यास पैसा लागत नाही, जागे राहणारा मनुष्य लागतो.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. जागे राहणारा मनुष्य मात्र पैशावाचून मिळत नाही, व जेथे चाळीस जणांमागे रात्री एकच रखवालदार परवडतो तेथे चाळीस जणांस घेणे योग्य नव्हे. वीस जणांस घ्यावे. उरलेल्या वीस जणांसाठी मंडळीपुढे, पंचायतीपुढे, जिल्हाधिकाऱ्यापुढे पदर पसरावा. परंतु न पेलणारे ओझे उचलून ते माणसांच्या अंगावर टाकू नये. "काहीच नसण्यापेक्षा हे बरे" हे वाक्य नेहमीच खरे नसते. एरवाडीच्या त्या पहाटे ज्यांस कोणी बांधले नव्हते ते जगले. ज्यांची अधिक काळजी घेतली जात आहे असे म्हटले जात होते, ते गेले.

तिसरा आक्षेप ह्याच्या उलट बाजूने येतो, आणि विचारी मनुष्यास तो सर्वांत जड वाटावा असा आहे. "सुरक्षितता, सुरक्षितता असे म्हणत तुम्ही आश्रमाचा तुरुंग कराल. म्हातारा पडेल म्हणून त्याला अंगणात जाऊ द्यावयाचे नाही, घास अडकेल म्हणून नुसती पेज, पोरगा झाडावर चढेल म्हणून झाडच तोडावयाचे. असल्या सुरक्षिततेपेक्षा मरण बरे." हे अगदी खरे आहे. १९७२ साली अमेरिकेत रॉबर्ट पर्स्के नावाच्या लेखकाने मंदबुद्धी म्हणून गणल्या गेलेल्या माणसांविषयी लिहिताना असे मांडले की धोका पत्करण्यातही मनुष्याची एक प्रतिष्ठा आहे, आणि तो हक्क सर्वस्वी काढून घेणे म्हणजे त्याचे माणूसपण कमी करणे होय. आपले शेतकरी बांधव हे पुस्तकाशिवाय जाणतात. सत्तर वर्षे बांधावरून चाललेल्या माणसास खाटेला बांधून ठेवले तर त्याचे हाड मोडणार नाही, पण मन मोडेल.

मग एकीकडे साखळी वाईट, दुसरीकडे मोकळीकही धोक्याची, मार्ग कोणता? मला वाटते की धोक्यांत दोन जाती आहेत व त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक धोका असा की जो त्या माणसाने स्वतः जाणून, आपल्या आनंदासाठी पत्करलेला असतो. म्हातारा म्हणतो, "मला काठी द्या, मी सकाळी चिंचेपर्यंत जाऊन येईन." तो कदाचित पडेल. त्याला चांगली काठी द्यावी, वाटेतले दगड काढावेत, दुरून नजर ठेवावी, आणि जाऊ द्यावे. दुसरा धोका असा की जो त्याने मागितलेला नाही, त्याला ठाऊकही नाही, आणि जो दुसऱ्याच्या सोयीसाठी त्याच्यावर लादलेला आहे. ओली मोरी, बाहेरून लावलेली कडी, दुसऱ्याचे औषध, दारू पिऊन आलेला रखवालदार, मुलींच्या खोलीत रात्री एकटा शिरणारा कारभारी, हे सर्व ह्या दुसऱ्या जातीचे. पहिल्या धोक्यास वाव देणे व दुसऱ्याचा नायनाट करणे हेच सांभाळण्याच्या कामाचे सार आहे. दुर्दैवाने पुष्कळ आश्रयगृहांत ह्याच्या उलट घडते. म्हाताऱ्याची काठी काढून घेतात आणि मोरी तशीच ओली राहते. कारण काठी काढून घेतल्याने काम वाचते व मोरी पुसल्याने काम वाढते.

जे स्वतः समजून पत्करू शकत नाहीत, म्हणजे लहान मुले व ज्यांची बुद्धी मंदावली आहे असे लोक, त्यांच्याविषयी पहारा अधिक कडक असला पाहिजे. २०१५ सालच्या बाल न्याय कायद्याने मुलांच्या प्रत्येक संस्थेस नोंदणीचे बंधन घातले आहे. तपासणी समितीच्या निदान तीन जणांनी, ज्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, दर तीन महिन्यांतून निदान एकदा प्रत्येक संस्थेस भेट द्यावी असेही त्यात सांगितले आहे. ज्या बोर्डिंगाचा चालक अशा समितीचे नाव काढताच रागावतो तेथे आपली मुले ठेवण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. मुलांच्या बाबतीत अब्रूची भाषा फार घातक आहे. "संस्थेचे नाव जाईल" ह्या भीतीने जी गोष्ट दडपली जाते तीच दुसऱ्या मुलावर येते. ज्या दिवशी मूल काही सांगते त्याच दिवशी ते ऐकून घ्यावे व पोलिसांस कळवावे. आपल्या मंडळीची संस्था असली तर हे अधिकच तत्परतेने करावे. संस्थेचे नाव मुलाहून मोठे नाही.

आता उपदेशकांस व मंडळीच्या वडीलवर्गास थोडी व्यवहाराची सूचना. आपल्या गावचे कोणी आश्रमात ठेवावयाचे असेल किंवा ठेवलेले असेल, तर तेथे न कळविता जावे, व शक्य तर संध्याकाळी जावे. सकाळी सर्वच घरे झाडलेली असतात. प्रार्थनेच्या खोलीत बसवून चहा देतील, तो घ्यावा, परंतु तेथूनच परतू नये. मोरी पाहावी. निजण्याच्या खोलीचे दार आतून उघडते की नाही ते स्वतःच्या हाताने उघडून पाहावे. रात्री किती जण जागे असतात, त्यांची नावे काय, हे विचारावे. औषधांची वही पाहावी. प्रत्येकाचे नाव, वेळ व देणाऱ्याची सही तिच्यात असली पाहिजे. खाटेला खिळलेल्याची पाठ पाहावी. गेल्या वर्षात कोण वारले व कशाने, हे विचारावे. पेन्शनच्या कागदावर अंगठा कोण घेतो व पैसे कोणाच्या हाती जातात हे विचारावे. आपल्या माणसाशी थोडा वेळ एकांतात बोलावे. एकांत नाकारला तर तेच पुरेसे उत्तर समजावे. जेथे सर्व चांगले आढळेल तेथे मोकळ्या मनाने स्तुती करावी व जाताना शक्य ती मदत ठेवून यावी. कारण रात्रीचा जागणारा मनुष्य शेवटी आपल्याच देणगीतून ठेवला जातो, आणि नुसते प्रश्न विचारून वर्गणी न देणे हेही न्यायाचे नव्हे.

वाचकहो, वाटेत लुटल्या गेलेल्या मनुष्याची व त्याला उचलणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट आपण किती वेळा ऐकली आहे! त्याच्या जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविले, एवढे आपणांस आठवते. परंतु त्या गोष्टीचा शेवट पुष्कळांच्या ध्यानातून जातो. त्याने त्या जखमी मनुष्यास उतारशाळेत दुसऱ्याच्या हवाली केले, खर्चास पैसे दिले, आणि मी परत येईन असे सांगून गेला. परत येणार, म्हणजे तो मनुष्य बरा आहे की नाही हे पाहणार, व अधिक लागले असेल ते भरणार. उतारशाळेच्या मालकावर त्याने अविश्वास दाखविला नाही. परंतु पैसे देऊन आपले काम संपले असेही मानले नाही.

आपल्या कित्येक कुटुंबांनी पैसे दिले आहेत, परंतु परत कोणी गेले नाही. म्हणून प्रत्येक मंडळीने ह्या महिन्याच्या सभेत एक यादी करावी. आपल्या गावची कोणकोणती माणसे, म्हातारी, मुले, रोगी, कोणत्या आश्रमात किंवा बोर्डिंगात आहेत, त्यांस शेवटी कोण व केव्हा भेटले, हे तिच्यात लिहावे. मग दर दोन महिन्यांनी कोणी जावयाचे ह्याची पाळी लावावी, आणि गेलेल्याने परत येऊन जे पाहिले ते सभेत सांगावे. यादीत एखादे नाव असे निघेल की ज्याला दोन वर्षांत कोणीच भेटलेले नाही. पहिली पाळी त्याच नावापासून सुरू करावी.